मलेरियाचा हंगाम आणि डासाच्या मादीचे वय

जूनचे पहिले पाऊस झाले की पणजी, मडगाव, वास्कोच्या वसाहतींतून दोन मागण्या हमखास येतात: गटारे उपसा आणि धूर मारा. गटार साफ हवेच, पण मलेरियाचा डास तिथे वाढत नाही. गटारातल्या घाण पाण्यात वाढतो तो क्युलेक्स. तो रात्रभर चावून हैराण करतो, हत्तीरोग पसरवू शकतो, माणसाचा मलेरिया मात्र पसरवत नाही. गोव्याच्या शहरी पट्ट्यात मलेरिया पसरवणारी मुख्य जात आहे अ‍ॅनोफिलिस स्टिफेन्सी, आणि तिला लागते स्वच्छ, साठलेले पाणी. गच्चीवरची झाकण फुटलेली टाकी, न वापरातली विहीर, बंद पडलेले कारंजे, बांधकामावरचे बॅरल, लिफ्टचा खड्डा, ही तिची घरे. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून पणजी आणि किनारी भागात मलेरिया वाढला तो इमारतींच्या बांधकामांसोबत.

टाकीत बॅटरीचा झोत टाकून कोणालाही ओळख पटवता येते. क्युलेक्स आणि डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाच्या अळ्या श्वासनलिकेचे टोक वर धरून पाण्यात डोके खाली करून लटकतात. अ‍ॅनोफिलिसच्या अळीला अशी लांब नळी नसते, म्हणून ती पृष्ठभागाला चिकटल्यासारखी आडवी राहते.

बांधकामावर सर्वांत धोक्याचे पाणी स्लॅबवरचे. स्लॅब ओतल्यावर त्यावर सिमेंटच्या मसाल्याचे छोटे बांध घालून पाणी भरून ठेवतात. आयएस ४५६ या मानकानुसार साध्या पोर्टलंड सिमेंटचे काँक्रीट किमान ७ दिवस आणि मिश्र सिमेंटचे किमान १० दिवस ओले ठेवावे लागते. प्रत्यक्षात दोन आठवडेही ठेवतात. साधारण २७ अंश सेल्सिअसला स्टिफेन्सीच्या अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला सुमारे ८ ते १० दिवस लागतात. म्हणजे काँक्रीट पक्के होईतो डासांची एक पिढी तयार. उपाय अवघड नाही. पाणी भरून ठेवण्याऐवजी ओले गोणपाट अंथरून त्यावर प्लॅस्टिक टाकावे. पाणी भरायचेच असेल तर पाचव्या-सहाव्या दिवशी सगळे पाणी झाडूने लोटून खाली सोडावे, अळ्या जमिनीत जिरू द्याव्यात आणि लगेच नवे पाणी भरावे. काँक्रीटला तासाभराने काही होत नाही, अळीचे मात्र आयुष्य तिथेच संपते.

आता हंगामाचा मुद्दा. मलेरिया उकाड्यामुळे वाढतो असे अनेकांना वाटते. गोव्यापुरते हे चुकीचे आहे, आणि ते आकडेमोडीने दाखवता येते.

डासाची मादी मलेरियाच्या रुग्णाला चावली की रोगाचा परजीवी तिच्या पोटात जातो, पण ती लगेच रोग पसरवू शकत नाही. परजीवीचे नर-मादी तिच्या पोटात एकत्र येतात, जठराच्या भिंतीवर गाठी तयार होतात, त्या फुटून हजारो सूक्ष्म परजीवी बाहेर पडतात आणि लालाग्रंथीत पोहोचतात. रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डासाच्या जठरात पाहिल्या त्या याच गाठी. या प्रवासाला किती दिवस लागतील हे तापमान ठरवते. परजीवीच्या फाल्सिपेरम जातीसाठी सरासरी तापमानातून १६ वजा करा आणि उरलेल्या आकड्याने १११ ला भागा. व्हायव्हॅक्स या दुसऱ्या जातीसाठी १४.५ वजा करा आणि १०५ ला भागा. उत्तर दिवसांत येते.

पणजीचे जानेवारीचे सरासरी तापमान सुमारे २६ अंश, जुलैचे सुमारे २६.५. फाल्सिपेरमला जानेवारीत ११ दिवस लागतील, जुलैत साडेदहा. फरक जवळजवळ नाहीच. मे महिन्यात सरासरी ३० च्या आसपास जाते आणि हाच काळ ८ दिवसांवर येतो. परजीवी सर्वांत वेगाने तयार होतो तो मेमध्ये, पण तो काही मलेरियाचा महिना नव्हे. दिल्लीत जानेवारीची थंडी परजीवीची वाढ थांबवते. गोव्यात तापमान वर्षभर अनुकूलच असते. मग हंगाम ठरतो कशाने? मादी किती दिवस जगते याने.

समजा १००० मादींनी एकाच रात्री रुग्णाचे रक्त घेतले आणि परजीवी तयार व्हायला १० दिवस लागतात. रोज ९० टक्के मादी जगत असतील तर दहाव्या दिवशी ३४९ उरतील. रोज ८० टक्के जगत असतील तर १०७. ७० टक्के असतील तर फक्त २८. शिवाय उरलेल्या मादी पुढे किती दिवस चावत राहतील तेही याच प्रमाणावर ठरते: ९० टक्क्यांना सरासरी साडेनऊ दिवस, ८० टक्क्यांना साडेचार. दोन्ही आकडे गुणले तर ९० आणि ८० मधला फरक जवळपास सातपट होतो. डासांची संख्या तीच, चावण्याची सवय तीच, फक्त रोज दहा टक्के कमी जगतात, आणि मलेरिया पसरवण्याची ताकद एक सप्तमांश उरते. मलेरियातज्ज्ञ जॉर्ज मॅक्डोनाल्ड यांनी १९५०च्या दशकात मांडलेल्या गणिताचा हा गाभा आहे, आणि मलेरियाविज्ञानात याहून सुंदर गणित मला तरी दुसरे दिसत नाही.

मादीचे आयुष्य वाढवते ती हवेतली आर्द्रता. डासाचे शरीर एवढेसे की कोरड्या हवेत ते झपाट्याने पाणी गमावते. जानेवारी-फेब्रुवारीत जमिनीवरून वारा सुटला की दुपारी गोव्याची हवा बरीच कोरडी होते. जून ते सप्टेंबर मात्र रात्रंदिवस ओलावा, भिंतींना बुरशी, न वाळणारे कपडे. मादीला दहा-बारा दिवस सहज काढता येतील अशी हीच हवा.

एखाद्या डासाचे वय मोजायचे कसे? संशोधक मादीची अंडाशये काचपट्टीवर वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. एकदाही अंडी न घातलेल्या मादीत अंडाशयावरच्या बारीक श्वासनलिकांची टोके घट्ट गुंडाळलेली असतात; पहिली अंडी तयार होताना ती उलगडतात आणि पुन्हा कधीच गुंडाळली जात नाहीत. शंभरातल्या ७० मादींची टोके उलगडलेली असतील आणि दोन अंडी घालण्यांमधले अंतर ३ दिवसांचे असेल, तर ७० टक्के मादी ती तीन दिवसांची फेरी जगल्या, म्हणून ०.७ चे घनमूळ काढायचे: ०.८९. म्हणजे रोज ८९ टक्के मादी जगतात. ५० चीच उलगडलेली असतील तर हा आकडा ०.७९ वर उतरतो. नुसती डासांची मोजदाद करून हे कधीच कळत नाही.

पाऊस आणि ताप यांत अंतर का पडते तेही यातून दिसते. पाणी साचल्यापासून डास तयार व्हायला ९ दिवस, पहिले रक्त घ्यायला २-३, परजीवी तयार व्हायला ९-१०, आणि चावल्यापासून माणसाला ताप यायला साधारण १० ते १५. बेरीज महिन्याच्या पुढे जाते. जुलैतल्या मुसळधार सरी उघड्यावरच्या अळ्या वाहूनही नेतात. पावसाने मध्येच आठ-दहा दिवस उघडीप दिली की तेच पाणी स्थिर होते. म्हणून जोराच्या पावसापेक्षा थांबून थांबून पडणारा पाऊस अधिक घातक. चतुर्थीला फ्लॅट बंद करून गावच्या घरी जाताना टाकीचे झाकण आणि ओव्हरफ्लोच्या पाइपावरची जाळी तपासावी ती याचसाठी.

खाजन (खाडीकाठची बांध घातलेली खारी जमीन) आणि शेतांतल्या पाण्यात अ‍ॅनोफिलिस सबपिक्टस वाढतो. त्याला पूर्वी बिनमहत्त्वाचा मानत, पण गोव्यातल्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याच्यातही माणसाच्या मलेरियाचे परजीवी सापडले.

एडिसची अंडी महिनोन्महिने कोरडी राहून पावसाने उबतात. अ‍ॅनोफिलिसच्या अंड्यांना तो कोरडेपणा सोसत नाही. उन्हाळ्यात स्टिफेन्सी टिकते ती फक्त विहिरी, टाक्या आणि तळघरांतल्या कायमच्या पाण्यात. जागा मोजक्या, म्हणून खरे काम एप्रिल-मेमध्ये करायचे. विहिरीत आणि कारंज्यात अळ्या खाणारे मासे सोडावेत. अ‍ॅप्लोकायलस ब्लॉकी या छोट्या देशी माशावर गोव्यातच १९९०च्या दशकात प्रयोग झाले आहेत. जिथे मासे जगणार नाहीत तिथे बीटीआय हे जिवाणूजन्य कीटकनाशक. ते अळीने खाल्ले तरच काम करते. अळीचे पुढे कोष होतात, ते काही खात नाहीत, त्यामुळे उशिरा टाकले तर कोषांतून डास बाहेर पडतातच. दर आठवड्याला पाहणी करून पुन्हा टाकावे लागते.

धूर त्या घटकेला उडणारे डास मारतो. पाण्यातल्या अळ्यांना आणि बंद खोलीत बसलेल्या मादीला तो पोहोचत नाही, तरी सगळे समाधान त्याच्यावर. प्लगला लावायचे किंवा मोबाइलवरचे ‘अल्ट्रासोनिक’ आवाज निव्वळ थोतांड आहे. त्याने डास चावायचे थांबत नाहीत. ताप आलेल्या मुलाची दृष्ट काढत बसण्यातही रक्ततपासणीचा मोलाचा दिवस जातो. आणि बांधकाम मजुरांना दोष देणे तर सर्वांत सोयीचे. त्यांच्यासाठी गोव्यात आरोग्य कार्ड सक्तीचे आहे, पण डास वाढतो तो ठेकेदाराच्या टाकीत, आणि ती टाकी झाकायची सक्ती त्याच्यावर हवी.

कोरड्या महिन्यांत डास घटतात तेव्हा परजीवी माणसात थांबतो. व्हायव्हॅक्सचे काही परजीवी यकृतात झोपून राहतात आणि महिन्यांनी पुन्हा जागे होतात. मार्चमधला ताप मागच्या सप्टेंबरच्या चाव्याचाही असू शकतो. क्लोरोक्विन रक्तातले परजीवी मारते, यकृतातल्यांसाठी प्रायमाक्विन १४ दिवस घ्यावे लागते. गर्भवती स्त्रिया आणि तान्ही बाळे यांना ते देत नाहीत, जी६पीडी या विकराची कमतरता असलेल्यांच्या रक्तपेशी त्याने फुटू शकतात, म्हणून ते डॉक्टरांच्या सांगण्यानेच घ्यावे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप उतरतो आणि बहुतेकांच्या गोळ्या तिथेच सुटतात. जूनच्या पहिल्या मादीला परजीवी मिळतो तो अशाच रुग्णाकडून.