नाव साहेबांचं, पाकीट फोडणारा हात दुसऱ्याचा

मुंबईत हल्ली धमकी येते ती बहुतेक ई-मेलने. सप्टेंबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला असाच मेल आला, इमारत रिकामी झाली, तपासणी झाली, हाती काही लागलं नाही. मात्र सरकारी माणसाला टपालातून स्फोटक किंवा विष धाडण्याचा प्रकार शंभर वर्षांहून जुना आहे. त्याचा इतिहास चाळताना एक गोष्ट सतत खटकत राहते. पाकिटावर नाव मोठ्या पदावरच्या माणसाचं असतं, आणि बहुतेक वेळा जायबंदी होतो तो ते पाकीट हाताळणारा.

आपल्याकडचा जुना ठळक प्रसंग कलकत्त्याचा. 1908 च्या सुरुवातीला चीफ प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट किंग्जफोर्ड यांच्या घरी कायद्याचा एक जाडजूड ग्रंथ पोचता झाला. टपालाने नव्हे, माणसाकरवी. आतली पानं कोरून क्रांतिकारक हेमचंद्र कानूनगो यांनी त्यात बॉम्ब बसवला होता. कुणीतरी वाचायला नेलेलं पुस्तक परत केलं असावं, असं समजून किंग्जफोर्डनी ते न उघडताच ठेवून दिलं. बदली झाली तेव्हा सामानाबरोबर ते मुझफ्फरपूरलाही गेलं आणि पुढच्या वर्षी पोलिसांना सापडलं. दरम्यान 30 एप्रिल 1908 ला खुदिराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी त्याच किंग्जफोर्डसाठी फेकलेला बॉम्ब भलत्याच गाडीवर पडला आणि दोन इंग्रज स्त्रियांचा जीव गेला. परकीय सत्तेशी झुंजणाऱ्या या तरुणांना आजच्या माथेफिरूंच्या रांगेत बसवणं मला मान्य नाही. पण साधनाचा इतिहास सांगायचा तर हे पान गाळता येत नाही.

मुंबईला त्याची झळ लगेच बसली. जूनमध्ये स्फोटक पदार्थ कायदा आला. तो आजही लागू आहे. बॉम्बच्या निमित्ताने ‘केसरी’त लिहिलेल्या अग्रलेखांवरून 24 जूनला टिळकांना क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात अटक झाली, सहा वर्षांची शिक्षा झाली आणि गिरणी कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या.

खुद्द टपालखात्याचा वापर करून मोठा कट झाला तो अमेरिकेत, एप्रिल 1919 मध्ये. लुइजी गॅलिआनी या अराजकवाद्याच्या अनुयायांनी तिसाहून अधिक पार्सलं मंत्री, न्यायाधीश, सिनेटर आणि उद्योगपतींच्या नावे पाठवली. 1 मेच्या सुमारास ती पोचावीत असा बेत होता. न्यूयॉर्कच्या एका नामांकित दुकानाच्या नमुन्याच्या खोक्यासारखं त्यांचं वेष्टण होतं. जॉर्जियाचे माजी सिनेटर हार्डविक यांच्या घरी खोकं उघडलं ते मोलकरणीने. तिचे दोन्ही हात गेले. चार्ल्स कॅप्लन नावाचा न्यूयॉर्कचा टपाल कारकून ड्युटी संपवून रात्री घरी निघाला होता. गाडीत वर्तमानपत्र वाचताना त्या खोक्याचं वर्णन त्याच्या नजरेस पडलं आणि तो तसाच मागे फिरला. तिकिटं कमी लावली म्हणून तशीच 16 पार्सलं त्याने आपल्याच टेबलावरून बाजूला ठेवलेली होती. ज्यांच्या नावाने खोकी निघाली त्यांच्यापैकी कुणाचाही जीव गेला नाही, आणि त्यात मोठा वाटा या कारकुनाचा होता. सरकारने मात्र पुढे परदेशी कामगारांची सरसकट धरपकड केली. पार्सलं धाडणाऱ्यांवर गुन्हा शेवटपर्यंत शाबीत झाला नाही.

नंतरच्या काळात गट मागे पडले आणि एकेकटे डूख धरणारे पुढे आले. डिसेंबर 1989 मध्ये अमेरिकेतल्या अलाबामात न्यायाधीश रॉबर्ट व्हान्स घरीच पार्सल उघडताना ठार झाले, पत्नी गंभीर जखमी झाली. आरोपी वॉल्टर मूडीच्या मनात आपली जुनी शिक्षा रद्द न झाल्याचा राग होता. त्याच्या 1972 च्या बॉम्बशी या बॉम्बचं साम्य तपासात ओळखलं गेलं आणि तो सापडला. 2018 मध्ये ओबामा, क्लिंटन, बायडेन अशा नेत्यांना 16 पार्सलं धाडणारा सीझर सायॉक एका पाकिटावरच्या बोटाच्या ठशामुळे काही दिवसांतच पकडला गेला. लांबून, बिनचेहऱ्याने वार करता येतो म्हणून ही माणसं टपाल निवडतात, पण ते पाकीटच त्यांच्याविरुद्ध पुरावा ठरतं.

सगळ्यात जास्त संताप येतो तो 2001 चं वाचताना. 15 ऑक्टोबरला वॉशिंग्टनमध्ये सिनेटर डॅशल यांच्या कार्यालयात अँथ्रॅक्सचं, म्हणजे जीवघेण्या रोगाच्या जिवाणूंची पावडर भरलेलं, पाकीट उघडलं गेलं. तिथल्या कर्मचाऱ्यांना ताबडतोब औषधं सुरू झाली. ते पाकीट ज्या यंत्रांतून गेलं त्या ब्रेंटवूड टपाल केंद्रात मात्र 21 तारखेपर्यंत काम चालू होतं. बंद पाकिटातूनही जिवाणू बाहेर पडतील, असं कुणी धरलंच नव्हतं. तिथले दोन कर्मचारी दगावले. त्या पाकिटांनी एकूण पाच बळी घेतले. सिनेटर एकही नाही. तपास यंत्रणेने शेवटी बोट दाखवलं ते सरकारी प्रयोगशाळेतल्याच शास्त्रज्ञावर, पण खटल्याआधीच त्याने आत्महत्या केली.

त्याच हिवाळ्यात ती धास्ती मुंबईतही आली होती. मंत्रालयात तेव्हाचे उपमुख्यमंत्री छगन भुजबळ यांच्या कार्यालयात आलेल्या पाकिटाची तपासणी करावी लागली. अँथ्रॅक्सच्या पाकिटाने भारतात बळी गेला नाही, हे आपलं नशीब.

टपालातून घातक वस्तू पाठवण्याची बंदी आपल्याकडे 1898 च्या टपाल कायद्यापासून होती. त्याच्या जागी आलेला नवा कायदा 18 जून 2024 पासून लागू झाला. पण कायदा गुन्हेगाराशी बोलतो, आवक-जावकच्या टेबलाशी नाही. मंत्रालय असो, महापालिका असो की जिल्हाधिकारी कार्यालय, ‘साहेबांसाठी, खाजगी’ लिहिलेलं पाकीट आधी शिपाई किंवा लिपिक हातात घेतो, शिक्का मारतो, आवक क्रमांक टाकतो. सुरक्षेचा खर्च दारावरच्या मेटल डिटेक्टरवर होतो आणि या टेबलापर्यंत पोचता पोचता आटतो, असं माझं स्पष्ट मत आहे. पाठवणाऱ्याचं नाव नाही, गरजेपेक्षा जास्त तिकिटं, तेलकट डाग, चमत्कारिक वजन, नावात किंवा हुद्द्यात चूक, असं काही दिसलं तर पाकीट हलवायचं नाही, हुंगायचं नाही, फोडायचं नाही. जिथे आहे तिथेच ठेवून खोली रिकामी करायची आणि 112 ला फोन लावायचा. पावडर सांडली असेल तर पंखा आणि एसी आधी बंद, मग साबणाने हात. एवढ्या सूचना मराठीत छापून त्या टेबलावर चिकटवायला शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही, आणि पाकीट अडवून ठेवलं म्हणून साहेब ओरडणार नाहीत, हे त्या लिपिकाला लेखी मिळायला हवं.