फरशीने तंबू ठोकला तेव्हा

रात्री दोनच्या सुमारास मित्राचा फोन आला. स्वयंपाकघरात धाडकन आवाज झाला म्हणून घरातले सगळे उठले, दिवा लावला, तर ओट्यासमोरच्या दोन टाइल एकमेकींना टेकून उभ्या. पत्त्यांच्या बंगल्याचा तळमजला असतो ना, तशा. कुठे पाणी नाही, काही पडलेलं नाही. सकाळपर्यंत त्यांच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तीन निदानं येऊन पडली होती: जमिनीखाली वायू साठलाय, ही भूकंपाची पूर्वसूचना आहे, आणि घराला बाधा झालीय. तिसऱ्या निदानाखाली उपाय करणाऱ्याचा फोन नंबरही होता. टाइल बसवणाऱ्या कारागिराने चौथं निदान फोनवरच देऊन टाकलं, "टाइलच खराब निघाली असणार."

चारही चूक. चौथ्यात थोडं तथ्य आहे, पण ते त्या कारागिराला अभिप्रेत होतं तसं नव्हे.

आधी एक गणित करू. ६० सेंटिमीटरच्या दोन टाइल शेजारीशेजारी आहेत. दोघींची मिळून लांबी १२०० मिलिमीटर. काही कारणाने त्यांना मिळणारी जागा ११९९ मिलिमीटर उरली, म्हणजे एकच मिलिमीटर कमी पडला. टाइल काही रबर नव्हे, दबून दबून ती दबणार किती? मग दोघी मधल्या सांध्यापाशी वर उचलल्या जातात. किती उचलल्या जातात? शाळेतला काटकोन त्रिकोण काढा: कर्ण ६००, पाया ५९९.५. वर्गांच्या फरकाचं वर्गमूळ काढलं की उंची येते साधारण साडेचोवीस मिलिमीटर. आडवा एक मिलिमीटर हरवला आणि उभे जवळजवळ अडीच सेंटिमीटर मिळाले! जागा दोन मिलिमीटर कमी पडली तर उंची दुप्पट होत नाही, साडेचौतीसच्या आसपास जाते. म्हणजे खरा तमाशा करतो तो पहिलाच मिलिमीटर. फरशीचा तंबू बघून "खालून कुणीतरी जोर लावला" असं वाटतं, ते या भूमितीमुळे. खालून कुणीच जोर लावलेला नसतो. जोर आडवा असतो.

आता हा मिलिमीटर चोरला कुणी?

पहिला संशयित म्हणजे खालचं काँक्रीट आणि त्यावरचा मालाचा, म्हणजे सिमेंट-वाळूच्या मिश्रणाचा थर. सिमेंट "वाळून" घट्ट होतं हा एक हट्टी गैरसमज आहे. सिमेंट पाण्याशी रासायनिक संयोग पावून घट्ट होतं, म्हणून तर नव्या कामावर पाणी मारावं लागतं. पण या संयोगात सिमेंटच्या वजनाच्या जेमतेम पाव हिश्शाइतकंच पाणी बांधलं जातं. बाकीचं सूक्ष्म छिद्रांत राहतं आणि महिनोन्‌महिने, जाड थरात वर्षानुवर्षं उडत राहतं. छिद्रांतलं पाणी कमी होताना त्याच्या पृष्ठताणामुळे छिद्रांच्या भिंती आत ओढल्या जातात आणि सगळा थर आकसतो. मीटरमागे साधारण अर्धा मिलिमीटर हा काही जगावेगळा आकडा नाही. चार मीटरच्या खोलीत तो दोन मिलिमीटर होतो. त्या थरावर घाईने टाइल चिकटवल्या, की खालचं आकसतं, वरचं आकसत नाही आणि टाइल दोन्ही बाजूंनी दाबल्या जातात.

दुसरा संशयित तापमान. काँक्रीट एका अंशाला मीटरमागे साधारण एक शतांश मिलिमीटर लहान-मोठं होतं, टाइल त्याच्या दोन तृतीयांश. थंडीत दोन्ही आकसतात, पण काँक्रीट जरा जास्त. दहा अंशांचा फरक पडला तरी या दोघांतली तफावत मीटरमागे तीन-चार शतांश मिलिमीटरच भरते. एवढ्याशाने काय होणार, असं वाटेल. पण फरश्या थंडीच्या रात्री किंवा हवा एकदम बदलली की फुटतात, असा अनुभव येतो तो यामुळेच. कारण वेगळं असतं, निमित्त वेगळं. वर्षानुवर्षं साचलेल्या ताणाला त्या रात्रीचा गारवा निमित्त होतो.

तिसरा संशयित मात्र माझा लाडका. टाइल स्वतःच वाढते.

भाजलेली माती ही आपण निर्जीव, पूर्ण झालेली वस्तू समजतो. भट्टीत मातीचं काय होतं बघा. चिकणमातीच्या स्फटिकांत ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या, म्हणजे हायड्रॉक्सिल गट बसलेले असतात. तापमान पाच-सहाशे अंशांपर्यंत गेलं की ते पाण्याची वाफ होऊन निघून जातात. माती त्या पाण्याला कायमची मुकते, असं आपल्याला वाटतं. पण टाइल भट्टीतून बाहेर आली, गार झाली, की त्याच क्षणापासून ती हवेतली वाफ पुन्हा ओढायला लागते. हे पाणी स्पंजात शिरतं तसं नाही. ते रासायनिक बंधाने अडकतं आणि उन्हात ठेवून निघत नाही. ते काढायचं तर पुन्हा पाचशे अंश हवेत. आणि आत येणारा प्रत्येक रेणू जागा मागतो, म्हणून टाइल फुगते. चकाकी चढवलेल्या टाइलवर काही वर्षांनी केसांसारख्या बारीक भेगांचं जाळं दिसतं, त्यामागे हेच फुगणं असू शकतं हे संशोधक एच. जी. शुरेक्ट यांनी १९२८ साली दाखवलं होतं. आतलं शरीर वाढतं, वरची काचेची चकाकी वाढत नाही, मग ती ताणली जाते आणि तडकते.

ही वाढ किती काळ चालते? २००३ साली मॅंचेस्टरच्या मोइरा विल्सन आणि सहकाऱ्यांनी याचा नियम मांडला, आणि तो इतका साधा आहे की पहिल्यांदा वाचल्यावर मी कागद घेऊन बसलो होतो. वाढ काळाच्या चतुर्थमुळाच्या प्रमाणात होते. चतुर्थमूळ म्हणजे वर्गमुळाचं वर्गमूळ. भट्टीतून निघाल्यावर पहिल्या दिवशी जेवढी वाढ झाली तिला एक म्हणा. ती दुप्पट व्हायला १६ दिवस लागतात. तिप्पट व्हायला ८१, चौपट व्हायला २५६, पाचपट व्हायला ६२५. दसपट व्हायला १०,००० दिवस, म्हणजे सत्तावीस वर्षांहून जास्त. वेग मंदावत जातो, पण शून्य कधीच होत नाही. ताजी वीट भट्टीतून काढून लगेच भिंतीत घालू नये असं जुने गवंडी सांगायचे, त्यामागचं गणित हेच.

आता थोडं विषयांतर, पण ते केल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. वाढ आणि पाणी शोषणं इतकं नियमित असेल तर ते घड्याळच झालं की! वीट किती जुनी आहे हे कळण्यासाठी तिने भट्टीनंतर किती पाणी बांधलं ते मोजा: आधी तापवून ते हाकला, मग ती पुन्हा किती वेगाने वजन कमावते ते बघा आणि हिशेब उलटा मांडा. २००९ साली याच गटाने रोमन काळातल्या विटेपर्यंत हे करून दाखवलं. त्यात इंग्लंडमधल्या कॅंटरबरीची एक मध्ययुगीन वीट मात्र हट्टाला पेटली. तिचं वय शेकड्यांत यायला हवं होतं, आलं ६६ वर्षं. पद्धत फसली म्हणायची तेवढ्यात उलगडा झाला: १९४२ साली त्या शहरावर आगलावे बॉम्ब पडले होते. आगीने वीट इतकी तापली की तिचं सगळं पाणी निघून गेलं आणि घड्याळ शून्यापासून पुन्हा सुरू झालं. विटेने आपलं वय चुकवलं नव्हतं, शेवटच्या आगीची तारीख सांगितली होती. ही कालमापनाची पद्धत अजून सर्वमान्य नाही, इतर प्रयोगशाळांना ती जुळवताना अडचणी आल्या. पण माती पाणी ओढते आणि वाढते, याबद्दल वाद नाही.

आता कबुली द्यायला हवी. माझा लाडका संशयित मित्राच्या स्वयंपाकघरात बहुधा निर्दोष होता. त्याच्या फरशीवर आजकालच्या बाराशे अंशांच्या आसपास भाजलेल्या व्हिट्रिफाइड टाइल होत्या. त्यांत मातीचा मोठा भाग वितळून काच झालेला असतो आणि पाणी शोषण अर्धा टक्का किंवा त्याहून कमी. वाफेला आत शिरायला वाटच नाही, म्हणून त्या फारच थोड्या वाढतात. भिंतीच्या सच्छिद्र टाइल वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी शोषू शकतात, खरी वाढ त्यांच्यात. टाइलसाठीच्या आयएसओ १३००६ या आंतरराष्ट्रीय मानकातही म्हटलंय की बहुतेक टाइलची ही वाढ नगण्य असते, पण मीटरमागे ०.६ मिलिमीटरच्या वर गेली आणि बसवणंही कच्चं असेल तर त्रास होऊ शकतो.

मात्र व्हिट्रिफाइड टाइलचा हाच गुण तिचा दोषही आहे. सच्छिद्र टाइलच्या पाठीत सिमेंटचं पाणी शिरतं, तिथे स्फटिक वाढतात आणि मुळं रोवल्यासारखी पकड बसते. काचेसारख्या पाठीत मुळं रोवायला भोकंच नाहीत. तिला नुसती सिमेंटची स्लरी, म्हणजे पाण्यात कालवलेलं पातळ सिमेंट लावून बसवलं तर ती चिकटत नाही, फक्त टेकून बसते. तिच्यासाठी पॉलिमर मिसळलेलं चिकटद्रव्य लागतं, आणि लावण्याआधी पाठीवरची भट्टीतली पांढरी भुकटी ओल्या फडक्याने पुसावी लागते. कामाच्या घाईत हेच फडकं सगळ्यात आधी विसरलं जातं.

चांगलं चिकटद्रव्य किती धरतं? साध्या दर्जाच्या सिमेंटी चिकटद्रव्याकडूनही चौरस मिलिमीटरला अर्धा न्यूटन अपेक्षित असतो, म्हणजे चौरस सेंटिमीटरला पाच किलोचा भार. ६० बाय ६० ची टाइल ३६०० चौरस सेंटिमीटर. गुणाकार केला तर अठरा टन! तीन-चार हत्तींनी एकदम ओढली तर टाइल सुटेल. मग थंडीची एक रात्र ती कशी उचलते?

कारण ती एकदम ओढली जात नाही. भिंतीवरची चिकटपट्टी सगळी एका झटक्यात ओढून बघा, निघत नाही. कोपऱ्यातून सोलली तर बोटाने निघते, कारण अख्ख्या पट्टीशी नव्हे, सुटण्याच्या त्या एका रेषेशीच लढायचं असतं. १९२१ साली इंग्रज अभियंते ए. ए. ग्रिफिथ यांनी भेगांबद्दल हेच सांगितलं: भेग पुढे सरकण्यासाठी लागणारी ऊर्जा आणि सरकल्यामुळे मोकळी होणारी ऊर्जा यांचा ताळेबंद बघा. दाबलेली टाइल म्हणजे दाबलेली स्प्रिंग. तिचा ताठपणा ६० अब्ज पास्कल धरा, जाडी एक सेंटिमीटर आणि अडवलं गेलेलं आकसणं मीटरमागे अर्धा मिलिमीटर. ताठपणाचा निम्मा गुणिले विकृतीचा (म्हणजे लांबीच्या किती हिश्शाने दबली त्या प्रमाणाचा) वर्ग गुणिले जाडी, असं केलं की चौरस मीटरमागे ७५ जूल ऊर्जा साठलेली निघते. हा वरच्या टोकाचा हिशेब आहे, प्रत्यक्षात काँक्रीट हळूहळू दबत जाऊन त्यातला काही ताण गिळतं. तरी ७५ जूल म्हणजे एक किलोचा दगड साडेसात मीटरवरून सोडल्यासारखं. टाइलखाली पोकळी असेल तर भेगेचं काम आधीच निम्मं झालेलं असतं. भेग कडेने सरकत जाते, एका क्षणी उरलेली पकड अपुरी पडते, सगळी ऊर्जा एकदम सुटते आणि रात्री दोनला धाडकन आवाज येतो. ज्यांना इथली सूत्रं नको होती त्यांनी एवढंच ध्यानात ठेवावं: ताण दुप्पट झाला की साठलेली ऊर्जा चौपट होते.

पोकळी येते कुठून? टाइलच्या पाठीवर चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक असे मालाचे गोळे थापून ती दाबून बसवली की. काम झपाट्याने होतं, पाणसळ लावली तर पृष्ठभागही सरळ दिसतो, आणि आत मोकळी दालनं राहतात. दातेरी थापीने चिकटद्रव्याच्या एकाच दिशेच्या सरळ रेघा ओढाव्यात, म्हणजे टाइल दाबताना हवा बाजूने निघून जाते. थापीने गोल नक्षी काढली तर हवा मधेच अडकते. कोरड्या जागी टाइलच्या पाठीचा किमान ८० टक्के आणि ओल्या जागी ९५ टक्के भाग चिकटलेला असावा असं अमेरिकी मानक सांगतं. तपासायचं कसं? दर काही टाइलमागे एक ताजी बसवलेली टाइल उचकटून पाठ बघायची. याला कुणी कारागीर खुशीने तयार होत नाही.

आणि आता "सांधा दिसणारच नाही अशी अखंड फरशी". जाहिरातीतला हा शब्दप्रयोग ऐकला की माझं डोकं उठतं. सांधा हा कारागिराच्या हातातला दोष नाही, ती फरशीची श्वास घ्यायची जागा आहे. टाइलला टाइल भिडवून, भिंतीपर्यंत ठासून भरली तर वर मोजलेला एक मिलिमीटर जाणार कुठे? भिंतीच्या कडेने काही मिलिमीटर रिकामी फट ठेवावी. भिंतीच्या तळाशी लावलेली पट्टी, म्हणजे स्कर्टिंग, ती झाकतं, ती कुणाला दिसतही नाही. फक्त त्या फटीत माल भरू नये, आणि नेमका तोच भरला जातो. मोठ्या दालनात साधारण सहा ते आठ मीटरवर आणि थेट ऊन येतं तिथे अडीच ते साडेतीन मीटरवर सिमेंटऐवजी सिलिकोनसारख्या लवचिक पदार्थाचा सांधा लागतो. सांध्यांत भरतात त्या साध्या ग्राउटला लवचिक समजू नका. तो सिमेंटच आहे.

न्हाणीघर आणि तळघर यांचं दुखणं वेगळं. तिथे लोक टाइललाच जलरोधक समजतात. टाइल असेलही, पण सांध्यातला सिमेंटी ग्राउट पाणी झिरपू देतो, म्हणून पाणी अडवणारा थर टाइलच्या खाली आणि तोही ढाळ देऊन हवा. गळती लागल्यावर वरून ग्राउट पुन्हा भरणं म्हणजे छत्रीला आतून ठिगळ लावणं. तळघरात पाणी उलट दिशेने, जमिनीतून वर येतं आणि सोबत विरघळलेले क्षार आणतं. सांध्यांवर फुटणारी पांढरी भुकटी पुसून काही होत नाही, पाण्याची वाट शोधावी लागते.

मित्राकडे दुसऱ्या दिवशी आम्ही नाण्याने ठोकत सगळी फरशी ऐकली. उभ्या राहिलेल्या दोन टाइलच्या रांगेत आणखी पाच पोकळ वाजत होत्या. कारागिराने उभ्या टाइल उचलल्या, पाठी बघितल्या: पाच गोळ्यांचे पाच ठसे, बाकी पाठ कोरी करकरीत. खालचा जुना माल खरवडला, टाइल धुतल्या, नवीन चिकटद्रव्य ओढलं आणि पहिली टाइल बसवली. दुसरी बसेना. त्याने ती फिरवून बघितली, रबरी हातोडीने हळूच ठोकली, मग टेप लावून जागा मोजली आणि टाइलही मोजली. काही वर्षांपूर्वी त्याच जागेत बसलेली तीच टाइल आता मिलिमीटरभर मोठी भरत होती.

"टाइल वाढली की जागा आटली?" त्याने विचारलं. मी म्हटलं, या टाइलच्या बाबतीत जागाच. त्याने कडा घासायला यंत्र हातात घेतलं. मी त्याला थांबवलं आणि आधी भिंतीकडेचं स्कर्टिंग काढायला लावलं. फट मालाने गच्च भरलेली होती.