उरलेलं लिव्हर पुरेल का?

लिव्हरच्या कॅन्सरचं ऑपरेशन ठरलं की नातेवाईक आधी विचारतात, "गाठ केवढी आहे?" सर्जनच्या डोक्यात मात्र दुसराच हिशोब चालू असतो: गाठ काढल्यावर उरेल तेवढ्या लिव्हरवर पेशंटचं भागेल का?

निरोगी लिव्हर पुन्हा वाढतं. त्याचा पाऊण भाग काढला तरी माणूस सावरू शकतो. पण लिव्हरमध्येच सुरू होणारा कॅन्सर बहुतेकदा आधीच खराब झालेल्या लिव्हरमध्ये होतो. हिपॅटायटिस बी-सी, दारू, किंवा मधुमेह आणि लठ्ठपणासोबत येणारं फॅटी लिव्हर, यातून सिरॉसिस झालेला असतो, म्हणजे लिव्हर व्रणांनी कडक झालेलं असतं, आणि वाढण्याची ताकद आटलेली असते. म्हणूनच जिथे निरोगी माणसात २०-२५ टक्के लिव्हर राखलं तरी चालतं, तिथे सिरॉसिसमध्ये साधारण ४० टक्के तरी राखावं लागतं.

हा हिशोब जपानमध्ये सर्जन मासातोशी माकुउची यांनी फार काटेकोर केला. पोटात पाणी आहे का, बिलिरुबिन (काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य) किती, आणि तिसरी एक हिरव्या रंगाची तपासणी. इंडोसायनिन ग्रीन हा रंग शिरेतून देतात आणि १५ मिनिटांनी रक्त घेऊन त्यात किती रंग शिल्लक आहे ते पाहतात. चांगलं लिव्हर तो भराभर पित्तात टाकतं. १० टक्क्यांहून कमी उरतो. २०-३० टक्के उरला, तर मोठा भाग काढायचा विचार सोडून छोट्या तुकड्यावर थांबायचं. याच शिस्तीने चाललेल्या टोकियो विद्यापीठाच्या गटाने २००३ साली १,०५६ लिव्हर ऑपरेशनांचा अहवाल छापला. आठ वर्षांत ऑपरेशनमुळे एकही मृत्यू नव्हता. मला ही पेशंट निवडण्यातल्या संयमाची कमाई वाटते.

आणखी काही खुणा रिपोर्टमध्येच दिसतात. प्लेटलेट्स एक लाखाच्या खाली, प्लीहा वाढलेली, अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा, म्हणजे आतड्यांतून लिव्हरकडे रक्त नेणाऱ्या पोर्टल शिरेतला दाब वाढलाय. अशांना ऑपरेशननंतर पोटात पाणी होण्याचा आणि लिव्हर फेल होण्याचा धोका जास्त. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रोटीन कमी असणं, अंगावरचं मांस झडलेलं असणं हेही तितकंच गंभीर. नुसत्या वयाने घाबरू नये. ऑपरेशनमध्ये रक्त फार गेलं की गुंतागुंत वाढते. कापलेल्या पृष्ठभागातून पित्त गळू शकतं, म्हणून ड्रेनच्या (पोटात ठेवलेल्या नळीच्या) पाण्याचा रंग रोज पाहतात.

राहणारा भाग अपुरा वाटला तर काढायच्या बाजूची पोर्टल शीर आधीच बंद करतात. काही आठवड्यांत दुसरी बाजू वाढते. घरच्यांना ही थांबण्याची वेळ जड जाते, कॅन्सर वाढेल अशी भीती वाटते. पण त्या काळात दुसरी बाजू वाढलीच नाही, तर मोठं ऑपरेशन झेपणार नाही हे आधीच कळतं.

ऑपरेशननंतर पाचव्या दिवसाचं बिलिरुबिन आणि रक्त गोठण्याचा रिपोर्ट डॉक्टरांकडून समजून घ्या. दोन्ही बिघडलेले असतील तर धोका मोठा. घरी आल्यावर डोळे पिवळे दिसले, पोट फुगलं, ताप आला किंवा पेशंट असंबद्ध बोलू लागला, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.