फंड आणि पेन्शन: एकाच पासबुकातली दोन निराळी खाती

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्रीत चार-पाच वर्षं काढलेल्या पोराला फंड (भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीएफ) किती झाला विचारलं, की तो पासबुकातल्या तिन्ही रकान्यांची बेरीज सांगतो. तिथंच गफलत होते. कामगाराचा आणि मालकाचा हिस्सा असे पहिले दोन रकाने म्हणजे फंड. तिसरा रकाना पेन्शनचा, आणि त्याचा हिशेबच वेगळा.

मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,००० धरा. तुमचे १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये, सगळे फंडात जातात. मालकही १,८०० भरतो, पण त्यातले १,२५० पेन्शनकडे वळतात आणि फंडात ५५० उरतात. पगार वाढला तरी पेन्शनचा हिस्सा सहसा तेवढाच राहतो, कारण १ सप्टेंबर २०१४ पासून त्याला १५,००० च्या पगाराची मर्यादा आहे. त्या तारखेनंतर याहून जास्त पगारावर पहिल्यांदाच फंडात आला असाल, तर तिसरा रकाना कोरा दिसतो. ती चूक नव्हे. मालकाचे सगळे पैसे फंडातच जात असतात.

फंडावर व्याज चढतं, २०२४-२५ साठी ते ८.२५ टक्के होतं. पेन्शनच्या रकान्याला व्याज नाही. तिथं नोकरीची वर्षं मोजतात: शेवटच्या ६० महिन्यांचा सरासरी पगार गुणिले वर्षं, भागिले ७०. म्हणजे १५,००० वर १० वर्षं भरली तर ५८ व्या वर्षापासून महिना २,१४३ रुपये. १० वर्षांच्या आत सोडून पेन्शनचे पैसे मागितले तर साधारण भरले तेवढेच परत मिळतात, आणि ती वर्षं पुसली जातात.

खरं नुकसान होतं ते नोकरी बदलताना. उद्यमबाग सोडून कोल्हापूरजवळ शिरोलीला लागला की पहिल्यांदा फॉर्म १९ भरून फंड काढायचा आणि त्यात गाडी घ्यायची, हे सर्रास चालतं. वरच्या पगारावर पहिल्या ५ वर्षांत फंडात व्याजासह साधारण १ लाख ७० हजार जमतात. ८ टक्क्यांनी तेच पुढं ३० वर्षं ठेवले तर १७ लाखांच्या घरात जातात. चाळिशीत सुरुवात करून ही तूट भरून निघत नाही. शिवाय सलग ५ वर्षं होण्याआधी काढला तर कर लागू शकतो.

राज्य बदललं तरी यूएएन, म्हणजे फंडाचा तुमचा कायमचा नंबर, तोच राहतो. नव्या ठिकाणी फॉर्म ११ भरताना ‘आधी सभासद होतो’ असंच लिहा, नाहीतर दुसरा नंबर निघतो. मग फॉर्म १३ ने जुना फंड वर्ग करा. वर्ग झाल्यावर नव्या पासबुकात पेन्शनचा जुना आकडा दिसत नाही, म्हणून घाबरू नका. तिथं पैसे नाही, नोकरीची वर्षं वर्ग होतात. नोकरी सोडून शेतीकडे वळणार असाल तर फॉर्म १०-सी, म्हणजे पेन्शनच्या पैशांच्या अर्जामध्ये, रोख रकमेऐवजी स्कीम सर्टिफिकेट (नोकरीच्या वर्षांचा दाखला) मागा. पुढं कुठंही लागलात तर ती वर्षं जोडली जातात.

अर्ज परत येण्याचं आपल्याकडचं एक नेहमीचं कारण म्हणजे नाव. मराठी शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, आणि कंपनीनं तिसऱ्याच पद्धतीनं चढवलेलं. कामाला लागल्याच्या पहिल्याच महिन्यात नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख आधारशी ताडून घ्या. सोडताना शेवटची तारीख कंपनीनं फंडाच्या पोर्टलवर भरली का, तेही हिशेब घ्यायच्या आधीच बघा.