घूं आवाज म्हणजे स्पीकर गेला?

स्वस्तातला स्पीकर घूं करायला लागला की तो गेला, नवीनच घ्या, असं सर्रास सांगितलं जातं. बहुतेकदा स्पीकर धडधाकट असतो. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 50 वेळा हेलकावणारी; घरघर तिचीच.

आधी स्पीकरच्या बाजूने ऑक्स वायर (लॅपटॉपमधून गाणं आणणारी) काढा. आवाज थांबला? दोष बाहेरचा. वायर परत लावून लॅपटॉप चार्जरशिवाय चालवा. घरघर गेली तर ती चार्जरमार्गे येत होती.

वायर काढून, व्हॉल्यूम शून्यावर नेऊनही तशीच असेल, तर बहुधा आतला फिल्टर कपॅसिटर (विजेचे हेलकावे सपाट करणारा भाग) सुकलाय. तो अगदी स्वस्तात मिळतो, पण बदलायचं काम मेकॅनिकचंच. बंद सेटमध्येही विजेचा झटका बसू शकतो.

फक्त नॉब फिरवताना खरखरतं? तिथे धूळ असते.

फाटलेला कोन, म्हणजे स्पीकरचा थरथरणारा पडदा, घूं करत नाही. तो बासवर फरफरतो आणि गाणं थांबलं की गप्प होतो.