कुरवाच्या पायातली रंगीत कडी: चिप नव्हे, नंबरप्लेट

हिवाळ्यात किनाऱ्यावर रंगीत कडीवाला कुरव, म्हणजे सीगल, दिसला की ‘चिप बसवलीय, कुणीतरी नजर ठेवतंय’ ही कुजबुज ठरलेली. साफ चुकीचं. कडी निव्वळ प्लास्टिकची. त्यात ना बॅटरी, ना चिप. तिच्यावरची अक्षरं कुणी दुर्बिणीतून वाचून कळवली, तरच पक्षी कुठे पोचला ते समजतं. (जीपीएस यंत्र वेगळं, ते सहसा पाठीवर असतं.) अशाच संशयापायी २०२३ साली मुंबईत पकडलेलं एक कबुतर आठ महिने अडकून पडलं, निघालं तैवानचं, शर्यतीचं! तेव्हा पक्ष्याला धरायला धावू नका. कडीचा रंग, अक्षरं, डावा पाय की उजवा, तारीख, ठिकाण टिपा. जमलं तर फोटो काढा आणि बीएनएचएसला, म्हणजे पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ या मुंबईच्या संस्थेला, कळवा.