टोपी, बंदूक, आरोळी : युद्धखेळांच्या नियमावल्यांची नावं कशी बदलत गेली

१९८० च्या सुमारास इंग्लंडात प्राचीन लढाया टेबलावर खेळणाऱ्यांच्या हाती एक पातळशी पुस्तिका असायची. तिचं नाव मराठीत सांगायचं तर ‘युद्धखेळाचे नियम : इ.स.पू. ३००० ते इ.स. १४८५’. हे नाव म्हणायचं की इतिहासाच्या पेपरातला अभ्यासक्रम? सुमेरच्या रथांपासून ते बॉसवर्थच्या रणात तिसरा रिचर्ड पडला तिथपर्यंतची साडेचार हजार वर्षं एका ओळीत कोंबलेली. पुढे २०११ साली त्याच देशात प्राचीन काळासाठीच एक नवी नियमावली आली, तिचं नाव ‘हेल सीझर’. म्हणजे ‘जय सीझर’. साल नाही, नियम हा शब्द नाही, नुसता जयजयकार. आज नवी नियमावली लिहून पुरी करणारा माणूस नावापाशी महिनोन्महिने अडून बसतो. त्याचं कारण या दोन नावांच्या मधल्या तीस वर्षांत आहे, आणि थोडं त्याआधीच्या दोनशे वर्षांतही.

ज्यांचा या छंदाशी संबंध आलेला नाही त्यांनी दिवाळीचा किल्ला आठवावा. आपण मावळे उभे करतो आणि चार दिवस नुसते बघतो. समजा दोन मुलांनी समोरासमोर किल्ले मांडले आणि ठरवलं, की मावळा एका खेपेला वीतभर चालेल, तोफेचा पल्ला दोन हात, गोळा लागला की नाही ते फासा सांगेल. हे वहीत लिहून काढलं की झाली नियमावली. सैनिक कुणाही कारखान्याचे चालतात. खेळाचा प्राण असतो ती वही, आणि दुकानात ठेवायची तर वहीला नाव लागतं.

सुरुवातीला मात्र वहीला नाव नव्हतं, वर्णन होतं. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या हेलविग नावाच्या शिक्षकाने १७८० मध्ये छापलेल्या पुस्तकाचं शीर्षक साधारण ‘बुद्धिबळावर उभारलेल्या डावपेचांच्या खेळाचा एक प्रयत्न’ असं होतं. इथे जरा थांबावंसं वाटतं, कारण बुद्धिबळाचं मूळ नाव चतुरंग, म्हणजे सैन्याची चार अंगं : हत्ती, घोडे, रथ, पायदळ. कशाचा खेळ आहे ते नावातच सांगितलेलं. मराठीने त्यातलं सैन्य काढून टाकलं आणि खेळणाऱ्याच्या डोक्याचं नाव दिलं. हेलविग त्या खेळात सैन्य परत आणू पाहत होता.

मग आले प्रशियाचे राइसविट्झ बापलेक. वडिलांनी १८१२ च्या सुमारास राजा फ्रेडरिक विल्यम तिसरा याच्यासाठी खेळाचं लाकडी टेबलच करून घेतलं. लेफ्टनंट असलेल्या मुलाने तोच खेळ १:८००० प्रमाणाच्या नकाशावर आणला, एक खेप म्हणजे लढाईतली दोन मिनिटं असा हिशेब बसवला आणि १८२४ मध्ये नियम छापले. शीर्षक : ‘युद्धखेळाच्या साधनांनी लष्करी हालचाली दाखवण्याविषयी मार्गदर्शन’. एवढं लांबलचक कोण म्हणणार? लोकांनी त्यातला एकच शब्द उचलला, क्रीग्सश्पील. युद्धखेळ. प्रशियाच्या जनरल स्टाफचा प्रमुख म्युफलिंग याने हा खेळ पाहिला तेव्हा ‘हा खेळ नव्हेच, हे युद्धाचं शिक्षण आहे’ असे उद्गार काढल्याची गोष्ट या छंदात सगळ्यांना पाठ असते. मला ती वेगळ्या कारणासाठी महत्त्वाची वाटते. नावातल्या ‘खेळ’ या अर्ध्या भागाची लाज वाटण्याची ही पहिली नोंद.

ती लाज पुढची शंभर वर्षं टिकली, कारण गिऱ्हाईक गणवेशातलं होतं. ब्रिटिश तोफखान्याच्या कॅप्टन बेअरिंगने १८७२ मध्ये जर्मन नियमांवरून इंग्रजी नियम केले ते ‘वॉर-गेम चालवण्याचे नियम’ या कोरड्या नावाने. (हाच बेअरिंग पुढे हिंदुस्थान सरकारचा अर्थसदस्य झाला, आणि त्यानंतर इजिप्तचा लॉर्ड क्रोमर. त्याचं बाकीचं लेखनही असंच हिशेबी असावं असं उगीच वाटतं.) अमेरिकेत लिव्हरमोरने १८८२ मध्ये ‘अमेरिकन क्रीग्सश्पील’ म्हणून उधारीच पुढे चालवली. त्याच्या दोन वर्षं आधी टॉटन नावाच्या दुसऱ्या अमेरिकन अधिकाऱ्याने मात्र मुखपृष्ठावर एकच ग्रीक शब्द ठेवला : ‘स्ट्रॅटेगॉस’, म्हणजे सेनापती. माझ्या माहितीतलं हे पहिलं खरं नाव. खेळ कशाचा हे ते सांगत नाही. खेळताना तुम्ही कोण असाल ते सांगतं. गंमत अशी की जवळजवळ नव्वद वर्षांनी डेव्हिड वेस्ली नावाच्या मिनेसोटातल्या तरुणाला हे जुनं पुस्तक ग्रंथालयात सापडलं. त्याच्यावरून त्याने जे प्रयोग केले, त्यांची वाट पुढे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिका वठवण्याच्या खेळाकडे गेली.

लाज झटकून टाकली ती एच. जी. वेल्सने. १९१३ च्या त्याच्या पुस्तकाचं नाव ‘लिटल वॉर्स’. त्याखालचं उपशीर्षक सांगतं, की हा खेळ बारा वर्षांपासून दीडशे वर्षांपर्यंतच्या मुलग्यांसाठी आहे, आणि मुलग्यांचे खेळ व पुस्तकं आवडणाऱ्या जरा अधिक हुशार मुलींसाठीही. स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेने टिनचे सैनिक पाडायचे, एवढाच मामला. पण ‘लिटल’ हा शब्द तिथे सहज पडलेला नाही. पुस्तकाच्या शेवटी वेल्स म्हणतो, हा छोटा खेळ तीन-चारदा खेळून पाहा, म्हणजे थोरलं युद्ध किती धांदरट गोष्ट असेल ते उमगेल. इंग्रजीत त्याचे शब्द आहेत ‘ग्रेट वॉर’. वर्षभरात ते आलंच, आणि लोक त्याला त्याच नावाने ओळखू लागले. नियमांच्या पुस्तकाच्या नावात एवढा अर्थ भरल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर छंद सैन्याबाहेर वाढला, तेव्हा आधी पुन्हा साधीच नावं आली. डोनाल्ड फेदरस्टोनचं १९६२ चं पुस्तक नुसतं ‘वॉर गेम्स’. तोवर दुकानात या विषयावर दुसरं पुस्तक क्वचितच असे, मग वेगळेपण दाखवायचं कुणापासून? १९६७ मध्ये ब्रिगेडियर पीटर यंग आणि लेफ्टनंट कर्नल लॉफर्ड यांनी ‘चार्ज!’ काढलं, म्हणजे ‘हल्ला!’. उद्गारचिन्ह नावाचाच भाग. दोघेही खरी लढाई पाहिलेले. लॉफर्ड तर हिंदी लष्करातले, ‘सोलह पंजाब’ या पलटणीच्या इतिहासाचे एक संपादक. आरोळीला मुखपृष्ठावर जागा देण्याची सुरुवात इथली, पण तिचं पीक यायला अजून चाळीस वर्षं होती.

मध्ये आली सालांची राजवट. १९६९ मध्ये फिल बार्कर आणि त्याच्या दोन मित्रांनी ‘वॉरगेम्स रिसर्च ग्रुप’ काढला. गटाच्या नावातच संशोधन. त्यांची पहिली पुस्तिका इ.स.पू. १००० ते इ.स. ५०० एवढ्या काळाची होती, आणि आवृत्तीगणिक दोन्ही टोकं ताणली जाऊन सुरुवातीला सांगितलेल्या साडेचार हजार वर्षांपर्यंत गेली. त्याच घरातून ‘१६८५ ते १८४५’, ‘१९२५ ते १९५०’ अशी भावंडंही निघाली. आज ही नावं रुक्ष वाटतात, पण त्यांच्यात एक प्रामाणिकपणा होता. कपाटातले तुमचे रोमन या वहीत बसतील की नाही, ते वही न उघडता कळायचं. आणि ‘आम्ही वाचून लिहिलंय’ हा दावाही त्या आकड्यांतच होता. खेळणाऱ्यांनी अर्थातच पूर्ण नाव कधी उच्चारलं नाही. ते म्हणत ‘सिक्स्थ’, ‘सेव्हन्थ’, म्हणजे सहावी आवृत्ती, सातवी आवृत्ती. लेखक काहीही छापो, खेळणारे दोन अक्षरांवर आणून ठेवतात, हा या छंदातला जुना नियम आहे.

पटावरच्या खेळांना नावाची ही अडचण फारशी नव्हती. अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्सच्या ॲव्हलॉन हिलने १९५८ मध्ये ‘गेटिसबर्ग’ काढला. एक लढाई, एक पट, तेच नाव. सैनिकांच्या प्रतिकृती घेऊन खेळणाऱ्यांच्या वहीत मात्र अख्खा कालखंड मावायला हवा. वॉटर्लूचं नाव दिलं तर ऑस्टरलिट्झ खेळणाऱ्याने ती का घ्यावी? मग लेखक त्या काळाची एखादी खूण शोधू लागले : अंगावरचं, डोक्यावरचं, हातातलं काहीतरी. १९७१ चं मध्ययुगीन ‘चेनमेल’ म्हणजे कड्यांचं चिलखत. १९९० च्या दशकातलं नेपोलियनकालीन ‘शाको’ म्हणजे शिपायाची उंच टोपी. ‘व्हॉली अँड बायोनेट’, म्हणजे बंदुकींची सरबत्ती आणि संगीन, मग २००९ चं ‘ब्लॅक पावडर’, म्हणजे बंदुकीची जुनी काळी दारू, आणि २०१२ चं ‘बोल्ट ॲक्शन’, दुसऱ्या महायुद्धातल्या रायफलीच्या खटक्याचं नाव. यातलं ‘शाको’ मला सर्वांत नेमकं वाटतं. दोन अक्षरं, आणि काळ डोळ्यांपुढे उभा.

दुसरी वाट बार्करनेच काढली. सालांचा कंटाळा बहुधा त्यालाही आला असावा. १९९० मध्ये त्याने प्रत्येक बाजूला फक्त बारा तुकड्यांचा, तासाभरात आटोपणारा खेळ आणला आणि नाव दिलं लॅटिन : ‘दे बेल्लिस अँटिक्विटाटिस’, प्राचीन काळच्या युद्धांविषयी. सीझरच्या गॉलवरच्या ग्रंथाचा थाट आणि आत फाशांचा खेळ, हा विनोद त्यात होता. खरी करामत आद्याक्षरांत होती. डीबीए म्हणताच काम झालं. मोठ्या सैन्यांसाठी डीबीएम आलं, पुनरुज्जीवनकाळासाठी डीबीआर. खेळणारे नाव तोडणारच, मग तुटल्यावर काय उरेल ते आधीच ठरवून टाकावं, हे या लेखकाला पहिल्यांदा कळलं.

त्यानंतर आरोळ्या आणि कोट्या. ‘टू द स्ट्राँगेस्ट!’ हे २०१४ चं नाव म्हणजे राज्य कुणाला, या प्रश्नावर मरणपंथावरच्या अलेक्झांडरने दिलं असं सांगतात ते उत्तर : जो बलिष्ठ त्याला. ‘टू फॅट लार्डीज’ या ब्रिटिश जोडगोळीने २०२० मध्ये रोमनांच्या चकमकींसाठी ‘इन्फमी, इन्फमी!’ काढलं. १९६४ च्या एका विनोदी चित्रपटातल्या सीझरच्या तोंडची ती कोटी. ‘घात झाला’ म्हणता म्हणता त्याच आवाजात ‘सगळे माझ्यावर टपलेत’ असंही ऐकू येतं. इंग्रज वाचक नाव पाहताच हसतो; आपल्याला समजावून घ्यावं लागतं, आणि समजावलेल्या विनोदाचं काय होतं ते ठाऊक आहे.

शिवाय आता नाव दुकानाच्या फळीवर नाही, शोधयंत्रात सापडावं लागतं. अमेरिकन यादवीवरची ‘फायर अँड फ्युरी’ १९९० पासून मानाने नांदत होती. २०१७ मध्ये ट्रम्प यांनी उत्तर कोरियाला याच दोन शब्दांनी धमकावलं, पुढच्या वर्षी त्याच नावाचं राजकीय पुस्तक आलं आणि गेटिसबर्ग शोधणाऱ्याला व्हाइट हाउस सापडू लागलं. नुसत्या नावाला कॉपीराइट मिळत नाही, पण ट्रेडमार्क घेता येतो. ‘स्पेस मरीन’ हे जुने, विज्ञानकथांत रुळलेले शब्द आपले म्हणून गेम्स वर्कशॉप या युद्धखेळांच्या कंपनीने तक्रार केल्यावर एका लेखिकेची कादंबरी ॲमेझॉनवरून काही काळ खाली उतरली होती. ती २०१३ मध्ये परत चढली, पण सोपे लष्करी शब्द किती दाटीवाटीने वाटले गेले आहेत ते तेव्हा दिसलं.

मराठी शब्द तसे मोकळे आहेत. जालना जिल्ह्यातली असई, २३ सप्टेंबर १८०३, ही लढाई परदेशात नेपोलियनकालीन खेळ खेळणारे हौसेने मांडतात, ती अर्थात इंग्रजांच्या वेल्स्लीमुळे, म्हणजे पुढच्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनमुळे. शिंद्यांच्या बाजूने लिहायचं ठरवून आम्ही दोघा-तिघांनी वही सुरू केली आणि नावापाशी तसेच अडलो. ‘गनिमी कावा’ पहिल्यांदा सुचतं. पण गनीम म्हणजे शत्रू, आणि मुघलांच्या फारसी कागदांत तो शब्द आपल्यासाठी आहे. शिवाय असईला कावा नव्हता, समोरासमोर तोफा होत्या. ‘बारगीर’ हा इथे सरकारी घोड्यावरचा साधा स्वार, पण बंगालात बर्गी म्हणून त्याचं नाव अंगाईत भीती घालायला वापरतात. ‘गारदी’ म्हटलं की पानिपतावरचा इब्राहिमखान बाजूला राहतो आणि शनिवारवाड्यातलं ‘काका मला वाचवा’ ऐकू येतं.

मला आवडलं होतं ‘कंपू’. शिंद्यांच्या कवायती पलटणींचा हाच शब्द, आणि असईला त्या पलटणी हॅनोव्हरहून आलेल्या पोलमनच्या हाताखाली होत्या. दोन अक्षरं, ‘शाको’सारखीच. मुखपृष्ठाचा कच्चा नमुना करून दाखवला, तोफांची रांग आणि वर ठसठशीत ‘कंपू’. आमच्यातल्या एकाने तो हातात धरून विचारलं, हे सोसायटीच्या निवडणुकीवर आहे का? सध्या वहीवर पेन्सिलीने ‘इ.स. १७६१ ते १८१८’ एवढंच लिहिलेलं आहे.